स्वस्त विमानप्रवासाचं पुढे काय होणार?

विमानप्रवासाच्या भवितव्याचा विषय निघाला की गप्पा लगेच दोन टोकांना जातात. एका टोकाला विजेवर उडणारी, ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी, वैमानिकावाचून चालणारी विमानं असतात. दुसऱ्या टोकाला "पृथ्वी वाचवायची तर उडणं बंद करा" म्हणणारे. मधली गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, कारण ती कंटाळवाणी आहे. प्रवासी विमान साधारण वीस ते तीस वर्षं वापरात राहतं. म्हणजे आज कारखान्यातून बाहेर पडणारं विमान २०४५-५० पर्यंत उडत असण्याची शक्यता भरपूर. एअरबस आणि बोइंग या दोन कंपन्यांकडे दहा वर्षांहून जास्त पुरेल इतकं काम आजच नोंदवलेलं आहे, आणि ती जवळपास सगळी विमानं आताच्याच घडणीची, द्रव इंधन जाळणारी आहेत.

तेव्हा विमानं उडत राहतील का, याची काळजी मला फारशी वाटत नाही. प्रश्न बिलाचा आहे. विमानप्रवासाचे काही खर्च आजवर तिकिटावर कधी आलेच नाहीत. हवेत सोडलेल्या धुराची किंमत कुणी लावली नाही, इंधनावर कर फारसा बसला नाही, आकाश सगळ्यांना खुलं आहे असं गृहीत धरलं गेलं. या तिन्ही गोष्टी आता एकाच वेळी डळमळू लागल्या आहेत. आणि हे बिल भरायचं कुणी, ते अजून ठरलेलं नाही.

धंदा मोठा, नफा चिमूटभर

आधी विमान कंपन्यांच्या खिशाकडे पाहू, कारण पुढचं सगळं तिथेच येऊन अडकतं. 'आयाटा' ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना दरवर्षी या धंद्याचा ताळेबंद मांडते. अलीकडच्या बऱ्या म्हणाव्यात अशा वर्षांतही सगळे खर्च जाऊन कंपनीच्या हाती एका प्रवाशामागे सहा-सात डॉलर उरतात. उत्पन्नाच्या हिशोबात हा नफा साडेतीन टक्क्यांच्या आसपास येतो. १८० आसनांच्या विमानात १५० प्रवासी बसले असतील, तर त्यातल्या पाच-सहा जणांच्या तिकिटाचे पैसे म्हणजे कंपनीचा नफा. उरलेल्या सगळ्यांचे पैसे इंधन, पगार, विमानाचं भाडं, देखभाल आणि विमानतळाचं शुल्क यांत जातात. इंधन एकटंच एकूण खर्चाचा पाव हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त खातं.

असा धंदा एका धक्क्यात कोलमडतो. २०१९ साली जगभर साधारण ४५० कोटी वेळा लोक विमानात बसले. २०२० मध्ये हा आकडा १८० कोटींवर आला आणि कंपन्यांचा त्या एका वर्षाचा तोटा १३० अब्ज डॉलरच्या वर गेला. अनेक देशांच्या सरकारांनी हात दिला म्हणून बऱ्याच कंपन्या तगल्या. पण माणसं परत आली, आणि २०२४ पर्यंत प्रवास आधीच्या पातळीच्याही पुढे गेला. उडायची इच्छा दांडगी आहे, ती पुरवणाऱ्यांची प्रकृती मात्र नाजूक, हे या चार वर्षांत चांगलंच दिसलं.

मग विजेवर का नाही उडवत?

गाड्या विजेवर चालू लागल्या, मग विमानं का नाहीत? हा प्रश्न सगळेच विचारतात आणि त्याचं उत्तर कागदावर पाच मिनिटांत काढता येतं.

एअरबस ए३२० निओच्या जातीचं, १८० आसनांचं नेहमीचं विमान घ्या. उड्डाण करताना त्याचं वजन जास्तीत जास्त ७९ टन असू शकतं. तासाला अडीच टन इंधन धरलं तर दोन तासांच्या प्रवासाला पाच टन लागेल. (राखीव इंधन वेगळं, ते इथे सोडून देऊ.) विमानाचं इंधन म्हणजे नीट शुद्ध केलेलं रॉकेलच. त्याच्या एका किलोत सुमारे १२ युनिट ऊर्जा असते. युनिट म्हणजे वीजबिलात असतं तेच, किलोवॅट-तास. पाच टनांत झाली ६०,००० युनिट. जेट इंजिन त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त कामाला लावतं, बाकीची उष्णता होऊन निघून जाते. विजेची मोटर याबाबतीत कितीतरी सरस, नव्वद टक्क्यांच्या घरातली. म्हणून बॅटरीच्या विमानाला २५,००० युनिट पुरतील असं धरू. आजची चांगली बॅटरी, तिची पेटी आणि ती थंड ठेवण्याचं सामान मोजलं तर, किलोमागे ०.२ युनिट साठवते. भागाकार करा: १२५ टन.

विमानाचं कमाल वजन ७९ टन आणि त्याची बॅटरी १२५ टन. शिवाय इंधन जळतं तसं विमान हलकं होत जातं, बॅटरी मात्र उतरतानाही तेवढ्याच वजनाची असते. बॅटरी दुप्पट चांगली झाली तरी हे गणित जमत नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

याचा अर्थ विजेचं विमान अशक्य आहे असा नव्हे. पिपिस्ट्रेल कंपनीच्या दोन आसनी 'वेलिस इलेक्ट्रो'ला युरोपच्या नियामकाने २०२० सालीच प्रमाणपत्र दिलं. पण ते शिकाऊ वैमानिकांसाठी आहे आणि एका चार्जिंगमध्ये तासभरही उडत नाही. वीस-तीस आसनांची, दोनशे-तीनशे किलोमीटर जाणारी विजेची विमानं येऊ शकतील. पण विमानांचा बहुतांश धूर त्या छोट्या अंतरांतून निघतच नाही, लांबच्या उड्डाणांतून निघतो.

हायड्रोजनची कथा थोडी वेगळी. वजनाच्या हिशोबात त्यात विमान-इंधनाच्या जवळपास तिप्पट ऊर्जा असते, म्हणून अभियंत्यांना त्याचा मोह पडतो. अडचण जागेची आहे. उणे २५३ अंशांवर द्रवरूप करून ठेवला तरी तेवढ्याच ऊर्जेसाठी तो चौपट जागा मागतो. आज इंधन पंखांत भरतात. हायड्रोजनला जाड, गोलसर टाक्या लागतात, त्या पंखांत मावत नाहीत, म्हणजे प्रवाशांची जागा खाऊन त्या धडात बसवाव्या लागणार. वर प्रत्येक विमानतळावर अतिथंड द्रव पोचवण्याची व्यवस्था उभी करायची. एअरबसने सप्टेंबर २०२० मध्ये मोठा गाजावाजा करून २०३५ पर्यंत हायड्रोजनचं प्रवासी विमान आणण्याचं जाहीर केलं होतं. २०२५ च्या सुरुवातीला ती तारीख काही वर्षांनी पुढे ढकलली. मला त्यात नवल वाटलं नाही. २०३५ ही तारीख पहिल्यापासून जाहिरातीची वाटत होती.

उरलं ते इंधन

इंजिन तेच, विमान तेच, मग बदलण्यासारखं एकच उरतं: टाकीत काय भरायचं. यालाच 'शाश्वत विमान इंधन' किंवा लघुरूपात 'सॅफ' म्हणतात. कल्पना सोपी आहे. जमिनीखालचं तेल जाळलं की लाखो वर्षं गाडलेला कार्बन हवेत येतो. वापरलेलं खाद्यतेल, प्राण्यांची चरबी, शेतातला काडीकचरा यांपासून इंधन केलं, तर त्यातला कार्बन नुकताच हवेतून वनस्पतींनी घेतलेला असतो. धूर तेवढाच निघतो, पण हवेत नवी भर कमी पडते. ते चालतंही. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हर्जिन अटलांटिकचं बोइंग ७८७ लंडनहून न्यूयॉर्कला पूर्णपणे अशा इंधनावर गेलं. तिकीट काढलेले प्रवासी मात्र त्यात नव्हते. नेहमीच्या उड्डाणांत अजून निम्म्यापर्यंतच मिश्रण करायला परवानगी आहे.

पण हे इंधन आहे कुठे? २०२४ साली जगभरात ते सुमारे १० लाख टन तयार झालं. आकडा मोठा वाटतो, पण विमानांच्या एकूण इंधनाच्या तो ०.३ टक्के होता. किंमत नेहमीच्या इंधनाच्या दुपटीपासून पाचपटीपर्यंत. कच्चा मालही मोजकाच: जगात तळण जेवढं होतं तेवढंच वापरलेलं तेल मिळणार, आणि त्यावर ट्रकच्या बायोडिझेलवाल्यांचाही डोळा आहे. भाव चढला की ताजं तेलच 'वापरलेलं' म्हणून खपवलं जाण्याची भीती असते, आणि तशा शंका घेतल्याही गेल्या आहेत. पिकं खास इंधनासाठी लावायची म्हटलं तर अन्नाच्या जमिनीशी झगडा.

दुसरा मार्ग कारखान्यातला. पाण्यातून विजेने हायड्रोजन काढायचा, हवेतून किंवा चिमणीतून कार्बन डायऑक्साइड पकडायचा, आणि दोन्ही जोडून रॉकेल बनवायचं. यात कच्च्या मालाचा तुटवडा नाही, पण वीज भयंकर लागते आणि घातलेल्या विजेतली साधारण निम्मीच ऊर्जा इंधनात उतरते. तीही स्वच्छ वीज हवी, नाहीतर सगळा खटाटोप उलटा. घरं, गाड्या, पोलादाचे कारखाने हे सगळेच स्वच्छ वीज मागत असताना विमानांचा नंबर कितवा लावायचा, हा तांत्रिक प्रश्न राहत नाही.

युरोपीय संघाने कंपन्यांच्या मर्जीवर न सोडता सक्ती केली आहे. २०२५ पासून तिथल्या विमानतळांवर पुरवल्या जाणाऱ्या इंधनात २ टक्के सॅफ असायलाच हवं. २०३० मध्ये ६ टक्के, २०५० मध्ये ७० टक्के. ब्रिटनचं २०३० चं लक्ष्य १० टक्के आहे.

आता हे आकडे मघाच्या ताळेबंदाला जोडून पाहा. सॅफ नेहमीच्या इंधनाच्या तिप्पट महाग आहे असं धरू. टाकीत ६ टक्के सॅफ आलं तर इंधनाचं बिल १२ टक्क्यांनी वाढतं. इंधन एकूण खर्चाच्या २८ टक्के धरलं, तर एकूण खर्च सव्वातीन-साडेतीन टक्क्यांनी चढतो. कंपनीचा आख्खा नफा जवळपास एवढाच आहे. म्हणजे २०३० चं ते किरकोळ दिसणारं ६ टक्के पचवायलासुद्धा तिकीट वाढवावं लागेल. आणि ७० टक्क्यांना, किमतीतलं अंतर असंच राहिलं तर, एकूण खर्च ४० टक्क्यांच्या आसपास वर जातो. अंतर कमी होईल अशी आशा आहे, कारखाने वाढले की किंमत उतरते हा अनुभवही आहे. पण कारखाना उभारायचा तर कुणीतरी पंधरा-वीस वर्षं माल उचलण्याची हमी द्यायला हवी, आणि सहा-सात डॉलरवर जगणाऱ्या कंपन्या ती हमी द्यायला कचरतात.

धूर किती, आणि ती पांढरी रेघ

माणसाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. फार नाही वाटत. पण त्याची चाल पाहिली पाहिजे. १९९० ते २०१९ या काळात एक प्रवासी एक किलोमीटर नेण्यासाठी लागणारी ऊर्जा निम्म्याहून खाली आली. अभियंत्यांची ही कामगिरी खरोखर मोठी आहे. त्याच काळात प्रवास साधारण चौपट झाला, आणि धूर दुप्पट. कार्यक्षमतेने मिळवलेलं सगळं वाढत्या प्रवासाने गिळलं आणि वर तेवढंच पुन्हा मागितलं.

शिवाय कार्बन ही अर्धीच गोष्ट. विमानामागे आकाशात उमटणारी पांढरी रेघ सगळ्यांनी पाहिलेली असते. एक किलो इंधन जळलं की सव्वा किलोच्या आसपास पाण्याची वाफही तयार होते. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरच्या कडाक्याच्या थंडीत ही वाफ काजळीच्या कणांभोवती गोठते आणि बर्फाच्या बारीक स्फटिकांची रेघ बनते. हवा कोरडी असेल तर रेघ मिनिटभरात विरते. हवा दमट आणि पुरेशी थंड असेल तर मात्र ती पसरत जाते, तास न् तास टिकते, शेवटी विरळ ढगासारखी दिसू लागते. दिवसा हा ढग थोडं ऊन परतवतोही. रात्री परतवायला ऊन नसतं, तेव्हा तो जमिनीवरून वर जाणारी उष्णता नुसती अडवून धरतो. आजवरच्या अंदाजांप्रमाणे या रेघांमुळे होणारी तापमानवाढ विमानांच्या कार्बनच्या तोडीची असू शकते, जरी त्या आकड्यात अनिश्चितता बरीच आहे.

आणि इथेच सगळ्यात स्वस्त उपाय दडलेला आहे असं माझं मत. टिकणाऱ्या रेघा थोड्याच उड्डाणांमागे तयार होतात, कारण तशा दमट हवेचे थर पातळ असतात, बहुधा काहीशे मीटर जाडीचे. विमान थोडं वर किंवा खाली नेलं की थर चुकवता येतो. अमेरिकन एअरलाइन्स आणि गूगलने ७० उड्डाणांवर हे करून पाहिलं आणि २०२३ साली निष्कर्ष जाहीर केले: रेघा ५४ टक्क्यांनी घटल्या, त्या उड्डाणांत इंधन २ टक्के जास्त लागलं. यासाठी नवं इंजिन नको, नवं इंधन नको. हवेतल्या दमटपणाचा नेमका अंदाज हवा आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची तयारी हवी. नियंत्रकांचं काम आधीच गर्दीचं आहे, त्यात आणखी उंची-बदल सांभाळायचे, म्हणून हे उद्या सकाळी सुरू होणार नाही. पण हायड्रोजनच्या चित्रांवर जेवढी शाई खर्च होते, त्यातली थोडी इकडे वळायला हरकत नाही.

विमानंच मिळेनात

धूर कमी करण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे जुनी विमानं काढून नवी घेणं. नवी साधारण १५-२० टक्के कमी इंधन खातात. पण नवी मिळतात कुठे? बोइंग ७३७ मॅक्सचे ऑक्टोबर २०१८ आणि मार्च २०१९ मध्ये दोन अपघात झाले, ३४६ माणसं गेली, आणि ते विमान जगभर दीड वर्षाहून अधिक काळ जमिनीवर राहिलं. जानेवारी २०२४ मध्ये त्याच जातीच्या एका विमानाच्या धडाचा तुकडा हवेत उखडून गेला, तेव्हा अमेरिकेच्या नियामकाने महिन्याला ३८ पेक्षा जास्त ७३७ मॅक्स बनवायला मनाई केली. एअरबसकडे वेगळं दुखणं: ए३२० निओला लागणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांत धातूच्या भुकटीचा दोष २०२३ मध्ये उघड झाला आणि शेकडो विमानं तपासणीसाठी उभी करावी लागली. परिणाम असा, की २०२४ च्या अखेरीस जगात १७,००० विमानांची मागणी थकलेली होती आणि उडणाऱ्या विमानांचं सरासरी वय १४.८ वर्षांवर पोचलं होतं. हा उच्चांक होता. विमानं कमी आणि प्रवासी जास्त, मग भाडं उतरणार कसं?

आकाशही पूर्वीसारखं नाही

फिनएअर या फिनलंडच्या कंपनीने आपला सगळा जम एका भूगोलावर बसवला होता: हेलसिंकीहून पूर्व आशियाला जायचा सर्वांत जवळचा रस्ता रशियावरून जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, रशियाचं आकाश युरोपीय विमानांना बंद झालं, आणि हेलसिंकी ते टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास तेरा तासांवर गेला. जास्तीचं इंधन, जास्तीचे वैमानिक, एका विमानाच्या कमी फेऱ्या. चिनी कंपन्या मात्र अजून रशियावरून जातात, म्हणजे त्याच मार्गावर एकाचा खर्च कमी आणि दुसऱ्याचा जास्त. पुढे कुठलं आकाश कधी बंद होईल, हे कुठल्याच कंपनीच्या हातात नाही.

हवामानाचंही तसंच. ब्रिटनमधल्या रीडिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं, की उत्तर अटलांटिकवर स्वच्छ हवेतले तीव्र हिसके १९७९ ते २०२० दरम्यान ५५ टक्क्यांनी वाढले. हे हिसके ढगांत नसतात, त्यामुळे रडारवर दिसत नाहीत. पट्टा बांधून बसा असं सांगण्यापलीकडे वैमानिक फारसं काही करू शकत नाही. उष्णतेचा त्रास उड्डाण करतानाच होतो. तापलेली हवा विरळ असते, पंखांना उचल कमी मिळते. जून २०१७ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात पारा ४८ अंशांच्या वर गेला, तेव्हा छोट्या जेट विमानांची डझनावारी उड्डाणं रद्द झाली, कारण ती तेवढ्या उष्म्यात उडवण्यासाठी प्रमाणितच नव्हती.

बिल कुणाच्या नावावर?

१९४४ च्या शिकागो करारात ठरलं, की विमान दुसऱ्या देशात उतरलं तर त्याच्या टाकीत आधीपासून असलेल्या इंधनावर त्या देशाने कर लावायचा नाही. पुढे देशादेशांतल्या करारांनी ही सवलत तिथे भरलेल्या इंधनालाही दिली. त्यामुळे गाडीत भरलेल्या पेट्रोलवर कर आणि आंतरराष्ट्रीय विमानात भरलेल्या इंधनावर जवळपास काहीच नाही, अशी विचित्र अवस्था आजही आहे. एकट्या देशाने कर लावला तर विमानं शेजारच्या देशात इंधन भरून येतील, म्हणून कुणी पुढे होत नाही.

फ्रान्सने मे २०२३ मध्ये वेगळं करून पाहिलं. अडीच तासांच्या आत रेल्वेने पोचता येत असेल तर विमान नको, असा नियम केला. प्रत्यक्षात पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून नांत, लियाँ आणि बोर्दोला जाणारे तीनच मार्ग त्यात सापडले, आणि पुढचं विमान गाठणाऱ्या प्रवाशांना सूट आहे. ठळक बातमीच्या मानाने परिणाम बेताचाच.

मला सगळ्यांत पटणारा प्रस्ताव वारंवार उडणाऱ्यांवरच्या चढत्या कराचा आहे. वर्षातलं पहिलं उड्डाण करमुक्त, दुसऱ्याला थोडा कर, पाचव्या-सहाव्याला चांगला जड. यामागचं कारण आकड्यांत आहे. २०२० सालच्या एका अभ्यासानुसार, २०१८ मध्ये जगातले फक्त ११ टक्के लोक विमानात बसले, आणि प्रवासी विमानांच्या निम्म्या धुराला लोकसंख्येतला एक टक्का जबाबदार होता. तिकिटं सरसकट चाळीस टक्क्यांनी वाढली तर कामासाठी दर आठवड्याला उडणारा उडतच राहील, त्याचे पैसे त्याची कंपनी भरते. थांबेल तो आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढू पाहणारा. चढत्या कराने हे ओझं उलट बाजूला जातं. यासाठी कोण किती वेळा उडालं याची नोंद ठेवावी लागेल, आणि कंपन्या तर सतत उडणाऱ्यांना पॉइंट्स देऊन आणखी उडायला सांगत असतात. अजून कुठल्याही मोठ्या देशाने हा कर लावलेला नाही.